कोणाचं घेणार?

थोरल्यानं तंबाखू सोडली, ही बातमी आक्काला फाटकापासून व्हरांड्यापर्यंत पोचेतो तिघांनी दिली. फाटकाशी रोपांच्या पिशव्यांत माती भरणाऱ्या बाईनं दिली, शेडच्या सावलीत बसलेल्या वडिलांनी, आबांनी दिली, आणि व्हरांड्यात खुद्द थोरल्यानं दिली.

"महिना झाला," तो म्हणाला. "चहासुद्धा सकाळचा एकच. रक्त स्वच्छ पाहिजे."

"तुला सांगितलं कोणी?"

"सांगायला कशाला पाहिजे? कलमाला कांडी घ्यायची तर निरोगी झाडाची घेतात. एवढं मला कळतं."

"मी काही किडलेली नाही."

"तसं कुठं म्हटलं? पण तुझं वय बघ."

"तुझ्यापेक्षा धाकटी आहे मी, दादा."

"दिसत नाहीस," थोरला म्हणाला, आणि चार वर्षांनी त्या घरात पहिल्यांदा बहीणभाऊ हसले.

चार वर्षं आक्का या फाटकातून आत आली नव्हती. तिचं शहरात चष्म्याचं दुकान. धाकट्या भावाचा, बारक्याचा, आजार पहिल्यांदा तिच्याच लक्षात आला होता. एका डोळ्यानं धुरकट दिसतं म्हणून तो चष्मा करायला तिच्याकडे आला, आणि कुठलीच काच लागू पडेना. "हे माझ्या काचेचं काम नाही," असं म्हणून तिनंच त्याला डॉक्टरकडे नेलं. डोळ्यांच्या डॉक्टरांनी मज्जातंतूंच्या डॉक्टरीणबाईंकडे पाठवलं. त्यांनी नाव सांगितलं, एमएस. हा आजार झटक्यांनी येतो, जातो, आणि प्रत्येक झटका जाताना काहीतरी घेऊन जातो, हेही सांगितलं. नेहमीची औषधं दिली. ती घेऊन अंग तापायचं म्हणून बारक्यानं ती सोडली. पुढे झटके वाढले तेव्हा बाईंनी मूळ पेशींच्या उपचाराची गोष्ट काढली. लवकर करावं लागेल, म्हणाल्या.

पण तेवढ्यात बारक्या पुन्हा चालायला लागला होता. शेडमध्ये उभा राहून गुलाबांना डोळे भरत होता. एका खुंटावर दुसऱ्या झाडाचा डोळा बसवायचा, वर पट्टी बांधायची, या कामात त्याच्यासारखा हात आबांचाही नव्हता. आणि त्या कामाचा या घराचा एक नियम होता. कलम बांधल्यावर उकलून बघायचं नाही. लागलं का, लागलं का, म्हणून जो पट्टी सोडतो, तो लागलेलं कलमही मारतो. हा नियम आबांनी मुलांना चालायला शिकवायच्या आधी शिकवला असेल.

"बरा होतोय ना? मग उकलून बघू नका," आबा म्हणाले होते. थोरल्यानं मान डोलावली. बारक्याच्या बायकोनंही डोलावली. आक्का एकटी भांडली, आणि थोरला तिला म्हणाला, "चष्मेवाल्यांना सगळीकडे आंधळेच दिसतात."

त्यावर ती गेली ती गेलीच.

आता थोरल्यानंच फोन करून बोलावलं होतं. वर्षभरात बारक्याला सावरलेलं कोणी पाहिलं नव्हतं. झटके थांबले होते, पण पाय उतरणीला लागल्यासारखे रोज थोडे कमी होत होते. आज तो आणि त्याची बायको डॉक्टरीणबाईंकडे गेले होते, तो उपचार करा म्हणून सांगायला. एका भावंडाचं रक्त लागेल, असं घरात सगळे धरून चालले होते. कोणी विचारलं नव्हतं. ज्यांचा जन्म एका झाडाचं दुसऱ्यावर लावण्यात गेला, त्यांना ते विचारायचं सुचलंच नाही.

आक्का दुकान नोकरावर सोडून, कपड्यांची मोठी बॅग भरून आली होती. बॅग तिनं थोरल्याच्या नजरेसमोर खाली ठेवली.

"आधी माझं तपासतील," ती म्हणाली. "जुळलं तर तू तंबाखू खायला मोकळा."

* * *

गाडी आत वळली तेव्हा बारक्याच्या बायकोला व्हरांड्यात सगळे रांगेनं उभे दिसले. आबा, दादा, आक्का, आणि पुढे ठमी, तिची आणि बारक्याची आठ वर्षांची मुलगी, एका पायावर. सगळ्यांचे चेहरे कसे धुतल्यासारखे होते. वाटेत तिनं मनाशी दहा वाक्यं जुळवली होती. त्यातलं एकही आता सापडेना.

"तुम्ही सांगा," ती नवऱ्याला म्हणाली.

"सांगतो."

दोन्ही काठ्या टेकत, तिच्या खांद्याचा आधार घेत तो व्हरांड्यात आला आणि वेताच्या खुर्चीत बसला. बसणं म्हणजे आता त्याचं पडणंच असायचं, फक्त खुर्ची मधे यायची. आबांनी त्याला दमही खाऊ दिला नाही.

"मग? कोणाचं घेणार?"

त्याच्या बायकोनं खाली पाहिलं. ठमीनं फ्रॉकची बाही वर केली आणि हात पुढे धरला.

"बाबा, माझंपण घ्या. पण थोडंच."

बारक्यानं तिला जवळ ओढलं. सगळी मोठी माणसं समोर उभी असताना तो तिच्याशीच बोलायला लागला. त्याच्या बायकोच्या लक्षात आलं, मोठ्यांकडे बघून त्याला हे सांगवलंच नसतं.

"ठमे, आपल्या वाफ्यात मर आली, रोपं माना टाकायला लागली, की आपण काय करतो?"

"माती भाजतो."

"कशाला?"

"आतले किडे-जंतू मरायला."

"वाईटच तेवढे मरतात?"

ठमीनं विचार केला. "नाही. चांगले पण मरतात. मग आजोबा ती काळी माती मिसळतात, बादलीतली."

"ती बादलीतली येते कुठून?"

"आपल्याच चांगल्या वाफ्यातली. आधी काढून ठेवलेली."

"शाबास. आता ऐक. माझ्या अंगात एक फौज आहे. तुझ्याही आहे. सर्दी-खोकल्याशी लढणारी. डोक्यापासून पायापर्यंत माझ्या तारा गेल्यात, आणि तारांवर साल आहे. माझ्या फौजेला काय झालं कुणास ठाऊक, ती त्या सालीलाच शत्रू समजायला लागली. कुरतडते. साल गेली की तारेतून निरोप नीट जात नाही. मी म्हणतो 'पाया, उचल', आणि पायाला ऐकूच जात नाही."

"बहिरा पाय," ठमी म्हणाली.

"बहिरा. तर या उपचारात काय करतात, फौजेचं बियाणं आधी काढून थंडगार डब्यात ठेवतात. मग कडक औषध देऊन सगळी फौज मारून टाकतात. माती भाजल्यासारखी. माणूस तेवढे दिवस बंद खोलीत, कारण साधी सर्दीसुद्धा तेव्हा जीव घेते. आणि मग बियाणं परत अंगात सोडतात. नवी फौज उगवते. तिला जुनं वैर माहीत नसतं."

"आणि बियाणं कोणाचं?" हे ठमीनं नाही, थोरल्यानं विचारलं.

"माझंच, दादा."

"तुझंच म्हणजे?"

"माझं माझ्यातच. दुसऱ्याचं लागत नाही."

थोरला आक्काकडे बघायला लागला, जणू तिनं काही लपवलं होतं. आक्काचीही मुद्रा तशीच. ती म्हणाली, "कोणाचंच नाही?"

"कोणाचंच नाही."

बारक्याच्या बायकोला एकदम आठवलं, डॉक्टरीणबाईंच्या खोलीत हेच ऐकून ती क्षणभर खूश झाली होती. कोणाचे उपकार नकोत, असं तिच्या मनात आलं होतं. पुढचं वाक्य तेव्हा यायचं होतं.

"मग चांगलंच झालं," आबा म्हणाले. "घरचं बियाणं. कधी भाजणार?"

बारक्या ठमीलाच म्हणाला, "बाळा, रोपं उभी असताना माती भाजून मर थांबवली तर काय होतं?"

"रोपं वाचतात. उरलेली."

"आणि रोपं मेल्यावर भाजली तर?"

"माती चांगली होते."

"आणि रोपं?"

ठमीनं वर केलेली बाही खाली ओढली. ती हुशार मुलगी होती, उत्तर तिला आलेलं तिच्या आईला दिसलं. ते तोंडानं म्हणायला लागू नये म्हणून तिनं ठमीला हाताला धरलं आणि आत पाठवलं, पाणी आण म्हणून.

"फौज आता दमलीय," बारक्या म्हणाला, या वेळी मोठ्यांना. "मेंदूच्या फोटोत कुरतडणं कुठं दिसत नाही. जे कुरतडून झालंय त्या तारा आतल्या आत वाळताहेत. त्यावर तो उपचार चालत नाही. जीव मात्र धोक्यात घालतो. बाई म्हणाल्या, 'आता मी तो केला तर तुमच्यावर अन्याय होईल.'"

* * *

थोरला जेवणाच्या टेबलाशी बसला तेव्हा तो एकाच गोष्टीची वाट बघत होता. आक्का म्हणेल. आता म्हणेल. 'मी सांगत होते.' तीन शब्द. ती म्हणाली असती तर त्याला तिच्यावर ओरडता आलं असतं आणि छाती मोकळी झाली असती. आक्का भात वाढत होती. बारक्याच्या ताटात तिनं वरण घातलं, भात कालवून चमचा त्याच्या डाव्या हाताला ठेवला. उजवा हात आता भरवशाचा राहिला नव्हता हे तिला कोणी सांगितलं नव्हतं. तिनं तेवढ्यात पाहिलं होतं.

ती काहीच म्हणत नाही हे थोरल्याला सहन होईना.

"बोल की," तो म्हणाला.

"काय बोलू?"

"जे तोंडात धरून बसलीयस ते."

"माझ्या तोंडात भात आहे, दादा."

आबांचा घास हातातच राहिला होता. थोरल्यानं ताट सरकवलं.

"हे बघा. एक दार बंद झालं म्हणून घर संपत नाही. मी चौकशी केलीय. एक दवाखाना आहे, गाडीनं एका दिवसाची वाट. ते पेशी पोटाच्या चरबीतून काढतात आणि पाठीच्या कण्यात सोडतात. बंद खोली नाही, कडक औषध नाही. आणि ते कोणालाही घेतात. पुढच्या टप्प्यातल्यालाही."

"कोणालाही घेतात, तेच वाईट," आक्का म्हणाली.

"म्हणजे?"

"आणखी काय बरं करतात ते?"

थोरला अडखळला. "गुडघे करतात. केस… टक्कलवाल्यांचे केस."

"एकाच सुईनं केस, गुडघे आणि मेंदू," आक्का म्हणाली. "माझ्या दुकानात एकच चष्मा सगळ्या गिऱ्हाइकांना विकला तर मला लोक जोड्यानं मारतील."

"ही चेष्टेची वेळ आहे?"

"चेष्टा नाही करत. माझं एक गिऱ्हाईक आहे, शिवणकाम करणारी बाई. तिच्या नवऱ्यानं असंच कुठं तरी पाठीत टोचून घेतलं. पाठीत पू झाला. चालत गेला होता, झोळीत आला."

"एकाचं झालं म्हणून सगळ्यांचं होतं का?"

"सगळ्यांचं बरं होतं असं तरी कोणी दाखवलं तुला? फोनवर काय म्हणाले?"

"फरक पडतोच, म्हणाले."

"'च' त्यांनी लावला की तू?"

थोरल्यानं पाण्याचा तांब्या जवळ ओढला. तिचं खरं होतं हे त्याला कळत होतं. पण चार वर्षांपूर्वी तिचं खरं होतं तेव्हा त्यानं थांबा म्हटलं होतं. आता पुन्हा थांबा म्हणायचं, या एका शब्दापुढे त्याची जीभ वळत नव्हती. आणि त्या वेळी 'चला' म्हणणारी आज 'नको' म्हणते, हा त्याला तिचा हट्ट वाटला. ती नेहमी उलट्याच बाजूला बसणार.

"मी नेणार," तो म्हणाला. "काय व्हायचं ते होऊ दे. तहान लागल्यावर का होईना, विहीर खणतो."

"खण की. पण त्याच्या पाठीत?"

तेव्हा बारक्याची बायको बोलली. ती सहसा दादांसमोर बोलत नसे.

"मी दादांच्या बाजूनं आहे."

आक्कानं वाढायचा चमचा खाली ठेवला. "अगं, तू स्वतः ऐकून आलीस ना आत्ता?"

"आलेय म्हणूनच. आक्का, तुम्ही उद्या-परवा परत जाल. मी या माणसाला सकाळी उठवते. मोजे घालते. रोज सकाळी त्यांचा पाय हातात घेते तेव्हा तो कालच्यापेक्षा जड असतो. मला कोणीतरी 'होईल' म्हणायला पाहिजे. त्या बाई चांगल्या आहेत, खरं बोलल्या. पण खऱ्याला धरून मी उठू कशी?"

"आणि त्याला काही झालं तर?"

"होतंच आहे की. रोज."

थोरल्यानं भावजयीकडे बघितलं. आपल्या बाजूला कोणी आलं याचं त्याला बरं वाटायला हवं होतं. पण तिचा चेहरा बघून त्याला वाटलं, आपण दोघं विहीर खणायला निघालेलो नाही. आपण बुडतो आहोत, आणि हाताला लागेल ते धरतो आहोत.

* * *

आबा उठून मागच्या दारात जाऊन उभे राहिले. मागे लांबवर कलमांच्या रांगा होत्या. या मोसमातल्या त्या थोरल्यानं आणि कामावरच्या बायकांनी बांधल्या होत्या. त्यातली किती लागतील हे आबांना इथून सांगता येत होतं, आणि म्हणून ते तिकडे बघत नव्हते.

त्यांचा नियम खोटा नव्हता. आयुष्यभर त्यांनी तो पाळला होता आणि झाडांनी त्यांना साथ दिली होती. फक्त, झाडाला घाई नसते. झाड बोलत नाही, म्हणून त्याला वेळ द्यावा लागतो. मुलगा तर बोलत होता. मुंग्या येतात म्हणत होता, बोट वळत नाही म्हणत होता. आणि बाप त्याला झाडासारखं वाढवत राहिला.

हे त्यांनी कोणाला सांगितलं नाही. सांगून कोणाचं काय हलकं होणार होतं? ते आत आले आणि बारक्याच्या खुर्चीसमोर स्टूल ओढून बसले. गुडघ्याला गुडघा लागेल इतके जवळ.

"जा," ते म्हणाले. "थोरला नेतोय तर जा."

"आबा, तुम्ही तरी आता…"

"मी आजवर तुला कधी जा म्हटलं नाही. कुठंच. शाळा सोडलीस तेव्हा इथंच राहा म्हटलं, लग्न झालं तेव्हा इथंच राहा म्हटलं. दुखायला लागलं तेव्हा थांब म्हटलं. आज म्हणतो, जा. नाही गुण आला तर नाही. पण केलं असं होईल."

"कोणासाठी केलं असं होईल?"

"माझ्यासाठी जा," ते म्हणाले. त्यांचा आवाज इतका खाली गेला की थोरल्यानं तोंड फिरवलं.

* * *

बारक्याला बापाचा गुडघा आपल्या गुडघ्याला लागलेला दिसत होता. जाणवत नव्हता. दिसत होता म्हणून कळलं.

त्याला आबांची दया आली. आणि दया येते आहे, राग येत नाही, याचं नवल वाटलं. वाटेत गाडीत त्याला राग आला होता. सगळ्यांचा, क्रमानं. आबांचा, दादाचा, बायकोचा, आणि जरा लांबून आक्काचासुद्धा, कारण तिनं एकदाच भांडून हात झटकले होते. मग रांगेत पुढचा तो स्वतःच आला, आणि तिथं राग अडकून बसला.

"आबा, ती सुई माझ्या पाठीत जाईल," तो म्हणाला. "पण आराम तुम्हाला पडेल. दादाला पडेल. हा उपचार तुम्हा लोकांवर आहे, माझ्यावर नाही."

"असं बोलू नये," थोरला म्हणाला.

"का? मी करून घेतलाही असता. तुमच्यासाठी पाठीत सुई काय, कुऱ्हाड घेतली असती. पण उद्या त्याचा पू झाला तर तुम्ही तेही स्वतःवर घ्याल. मग त्याच्यावर कुठला उपचार करायचा?"

आक्का हळूच म्हणाली, "बारक्या, पुरे."

"नाही, एकदा होऊ दे. आणि आबा, थांबलो तो मी. त्या वेळी मी चालत होतो. चालत जाऊन गाडीत बसलो असतो तर कोण मला धरणार होतं? मला त्या बंद खोलीची भीती वाटली. डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या, पुन्हा मूल होणार नाही कदाचित. केस जातील, महिना जाईल, क्वचित जीवही जातो. तुम्ही म्हणालात, उकलून बघू नका. मला ते वाक्य सोयीचं होतं. मी ते पांघरून झोपलो. तुम्ही प्रत्येक जण तो दोष एकट्यानं उचलायला बघताय. मला माझा वाटा पाहिजे."

आबांनी हात पुढे केला आणि त्याच्या गुडघ्यावर ठेवला. तेही त्याला दिसलं.

"मी त्या दवाखान्यात जाणार नाही," बारक्या म्हणाला. "आपल्या बाई देतील त्या गोळ्या घेईन. अंग आखडतं त्यावर, झोपेवर. व्यायाम करीन. तेवढंच."

"आणि माझं काय?" बायकोनं विचारलं.

तिनं ते भांडायच्या सुरात विचारलं नव्हतं. दुकानात दुसऱ्याचं होईपर्यंत थांबून आपला नंबर आल्यावर विचारावं तसं विचारलं. मग ती उठली, सगळ्यांची ताटं एकात एक घातली, आणि आत गेली. आतून नळाचा आवाज येत राहिला. भांडी घासायला लागतं त्याहून कितीतरी जास्त वेळ.

आक्का तिच्या मागे जायला उठली.

"नको," बारक्या म्हणाला. "तिला राहू दे."

"राहू दे, राहू दे," आक्का म्हणाली. "हेच या घराचं." पण ती बसली.

थोरला खोलीभर येरझारा घालत होता. खिशात हात घालायचा, रिकामा बाहेर काढायचा. शेवटी तो बारक्यासमोर येऊन थांबला.

"म्हणजे आम्ही काय करायचं? आमचं काही लागत नाही. रक्त नको, पेशी नकोत, गाडी नको. नुसतं बघत बसायचं? मला काहीतरी काम सांग, बारक्या. मी असा बसलो तर मला वेड लागेल."

बारक्यानं भावाच्या हातांकडे पाहिलं. मोठे, माती मुरलेले हात. डोळे भरायला कधीच नीट न शिकलेले.

"पुढच्या पायऱ्या फोड," तो म्हणाला.

"काय?"

"बाई म्हणाल्या, चाकांची खुर्ची आणा. आत्ताच आणा, पडून हाड मोडायच्या आधी. ती या पायऱ्यांवरून आत यायची नाही. तिथं उतार पाहिजे."

त्या घरात चाकांच्या खुर्चीचं नाव आजवर कोणी काढलं नव्हतं. थोरल्यानं आबांकडे पाहिलं. पायऱ्या आबांनी स्वतः बांधलेल्या, घडीव दगडाच्या, गवंड्याला हात लावू न देता.

"पहार शेडच्या मागे आहे," आबा म्हणाले.

दुपारच्या उन्हात थोरल्यानं पहिला घाव घातला तेव्हा शेडमधल्या बायका काम टाकून बघायला आल्या, आणि काही न विचारता परत गेल्या. वरचा दगड सहज सुटला. खालचे सुटेनात. आबांनी कुठं मारायचं ते दाखवलं, कारण कुठला दगड कुठल्या दगडात अडकवलाय ते त्यांनाच ठाऊक होतं. आक्का साडीचा पदर खोचून घमेल्यानं माती काढत होती. ठमी तिला मदत करते म्हणत निम्मी माती परत सांडत होती. बारक्याची खुर्ची दारात ठेवली होती आणि तो तिथून बघत होता. मधेच थोरला घाम पुसत म्हणाला, "आबा, एवढं पक्कं बांधायची काय गरज होती?" आणि आबा म्हणाले, "तू पोरवयात त्यावर उड्या मारायचास म्हणून." कोणी हसलं नाही, पण काम थोडं भराभर झालं.

ऊन कललं तेव्हा पायऱ्यांच्या जागी दगडमातीचा ढीग राहिला होता. उतार किती लांब घ्यायचा ते ठरवायला थोरल्यानं एक लांब फळी आणली. तिचं एक टोक दारात टेकवलं, दुसरं अंगणात.

"एवढा?"

बारक्यानं डोळे बारीक करून पाहिलं. "उभा होतोय. लांब घे. मला एकट्याला हातानं चाकं फिरवत वर येता आलं पाहिजे."

थोरल्यानं फळी पुढे ओढली. आता फळीचा माथा दारापर्यंत पोचेना, म्हणून आक्कानं दुसरी फळी शोधून आणली. ती जोडली.

"आता?"

"आता ठीक आहे," बारक्या म्हणाला.

"नाही ठीक."

त्याची बायको त्याच्या मागे दारात येऊन उभी होती. तोंड धुतलेलं, हात अजून ओले. ती कधी आली कोणाला कळलं नव्हतं. तिनं नवऱ्याकडे पाहिलं नाही. ती फळीकडे बघत होती, वरपासून खालपर्यंत, ओझं उचलण्याआधी माणूस ओझ्याकडे बघतो तशी.

"हे किती दिवस हातानं फिरवणार आहेत?" ती म्हणाली. "मला ढकलता आलं पाहिजे. पावसात, आणि मी साठीची झाले तरी. अजून लांब घ्या."

थोरल्यानं तिसरी फळी आणून वरच्या टोकाशी धरली. आबा वाकले, जमिनीवरचं टोक त्यांनी दोन्ही हातांनी उचललं आणि मागे मागे जायला लागले. गुलाबांच्या पहिल्या रांगेशी आल्यावर ते थांबले.

"अजून," ती म्हणाली.

आबांनी पायानंच दोन कुंड्या बाजूला केल्या आणि आणखी मागे गेले.